सोड्याचा मालक

वाल्मिक मास्तरांना देवाची भीती बेताचीच होती. सरकारची मात्र फार. देवाचं काय, एक नारळ फोडला की भागतं. सरकार नारळ घेत नाही, आणि घेतलाच तर ते सरकार नव्हे, शिपाई. शाळेच्या कामानं मुरबाडच्या मामलेदार कचेरीत जायची पाळी आली, की मास्तर पायरीशी वहाणा काढून ठेवत. आत टेबलावर रबरी शिक्का दिसला की त्यांचा हात आपोआप छातीशी जाई. "एवढंसं रबर, पण काय त्याची ताकद!" असं ते घरी येऊन बायकोला सांगत. "कोऱ्या कागदावर बसलं, की कागदाचा हुकूम होतो." देवकी चुलीत फुंकर घालता घालता म्हणे, "मग एक कपाळावर मारून घ्या की. पोरं तरी ऐकतील शाळेत."

असल्या माणसाच्या घरात धंदा शिरावा हे नवलच. तो शिरला म्हशाच्या जत्रेतून. पौषात म्हशाला बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार भरतो, आणि बाजारापेक्षा जास्त माणसं जेवायला बसतात. त्या वर्षी देवकीचं पोट जत्रेतल्या जेवणानं तडस लागल्यागत झालं, तेव्हा मास्तरांनी कल्याणहून आलेल्या एका सोडावाल्याकडून तिला गोटी सोडा पाजला. त्यानं अंगठ्यानं गोटी दाबली, टॉक करून आवाज झाला, फेस उसळला, आणि दोन घोटांत देवकीला असा ढेकर आला की शेजारचा बैल बिचकला. तिनं रिकामी बाटली उन्हात धरून नीट न्याहाळली.

"ह्यात काय रे असतंय, दादा?" तिनं सोडावाल्याला विचारलं.

"पाणी नि वारा, बाई. दुसरं काय?"

परतीच्या वाटेवर बैलगाडीत देवकीच्या डोक्यात तोच हिशेब चालू होता. जांभूळटेपाला, म्हणजे आपल्या गावात गाडी शिरल्यावर ती म्हणाली, "पाणी आपल्या विहिरीला हाय. वारा तर सिद्धगडावरनं फुकट येतो. नि ह्यो कल्याणचा माणूस आपल्यालाच पाणी नि वारा विकून जातो? आमी काय नुसतं बगत बसायचं?"

मास्तरांनी याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात शोधलं, तिथंही नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर तो कल्याणवाला आपलं जुनं यंत्र काढून टाकतोय असं कळलं, तशी देवकीनं हातातल्या पाटल्या उतरवल्या. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या. मास्तर म्हणाले, "अगं, नीट विचार कर." ती म्हणाली, "केला. पाटल्यांना काय फेस येत नाय." आणि मग बाटल्यांची पेटी, गॅसचं लोखंडी नळकांडं आणि दांडा फिरवायचं ते हिरवं यंत्र बैलगाडीतून येऊन मास्तरांच्या पडवीत उतरलं. वारा विकत घ्यावा लागतो आणि तो लोखंडात भरून येतो हे कळल्यावर देवकीला दोन दिवस फार वाईट वाटलं. पण पाटल्या गेल्या होत्या, आणि येत्या म्हशाच्या जत्रेत दुकान मांडून त्या परत आणायच्या असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

आता, मास्तर स्कूल बोर्डाचे नोकर. नोकरमाणसानं धंदा करायचा नाही, केला तर नोकरी जाते, हा बोर्डाचा नियम मास्तरांना पाढ्यासारखा पाठ. म्हणून धंदा देवकीच्या नावानं करायचा असं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं. पण पहिल्याच दिवशी मास्तरांनी हौसेनं स्वतः दांडा फिरवला, जरा जास्तच फिरवला, आणि यंत्राच्या जाळीदार पिंजऱ्यात घातलेली बाटली सुरुंगासारखी फुटली. कुणाला लागलं नाही. शेजारच्या सकुबाईची कोंबडी तेवढी कुडावरून उडाली ती थेट आंब्यावर जाऊन बसली. सकुबाई खालून हाका मारून दमली, पण कोंबडी दिवेलागणीपर्यंत काही उतरली नाही.

आवाज ऐकून चांगो आला. चांगो ठाण्याच्या कोर्टात पट्टेवाला होता. आता पेन्शनीत होता, पण पट्ट्याचं पितळी बक्कल अजून धोतरावर लावी. गावात कायदा त्याच्या तोंडून येई.

"मास्तर, परवाना हाय का?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"कसला परवाना?"

"कसला?" चांगोनं डोळे मिटले. "ठाण्याला एकानं बिनपरवाना भजी तळली. आजून तळतोय."

"मग झालं की! चालू आहे म्हणायचा त्याचा धंदा."

"तुरुंगात तळतोय, मास्तर. कैद्यांसाठी."

मास्तर मटकन खाली बसले. चांगोनं मग पंचायतीपासून थेट विक्रीकरापर्यंतची पायऱ्यांची शिडीच त्यांच्यापुढं उभी केली. पंचायतीची ना-हरकत, मामलेदारांचा शेरा, परवाना साहेबांची तपासणी, आणि सर्वांत वर विक्रीकराचा नंबर. "नंबर मिळाला की झालं," चांगो म्हणाला. "नंबर म्हंजे सरकारनं तुमाला नावानं वळखलं." मास्तरांच्या अंगावर काटा आला. सरकार आपल्याला ओळखतं, ही कल्पनाच केवढी मोठी! त्या रात्री त्यांनी देवकीच्या नावानं अर्ज लिहिला. तो इतका सुंदर लिहिला की देवकीनं त्याखाली अंगठा उमटवला तेव्हा त्यांना अक्षरावर डाग पडल्यासारखं वाटलं.

सरपंचांनी अर्ज वाचून चावडीवर नोटीस लावली: सौ. देवकी वाल्मिक शेलवले यांच्या सोडावॉटर कारखान्यास ज्या कोणास हरकत असेल त्याने आठ दिवसांत लेखी कळवावे. वास्तविक जांभूळटेपात कुणालाच हरकत नव्हती. उलट सोडा कधी पाजता म्हणून माणसं रोज विचारून जात. पण जांभूळटेपची माणसं रीतीची. घरी आलेल्यानं काही विचारलं तर गप्प बसू नये, हा तिथला शिष्टाचार. आणि इथं तर खुद्द सरकार विचारत होतं! स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली, तेवढ्या काळात सरकारनं या गावाला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्याला 'काय नाय' म्हणून सांगायचं? सरकारला काय वाटेल?

पहिली आली सकुबाई. "मास्तर, माजी एक हरकत लिवा."

"कुणावर?"

"तुमच्या सोड्यावर. लेखी पायजे म्हणतात. मला कुटं लिवता येतं? गावात लिवणारे तुमीच."

"अहो सकुबाई, पण हरकत कसली?"

"ती काय ती तुमीच घाला. तुमी शिकलेले. मी बापडी काय सांगू?"

मास्तरांनी हातात टाक धरला, आणि तिथंच त्यांचं चुकलं. हातात टाक आला की मास्तरांना वाईट लिहिता येत नसे. त्यांनी लिहिलं, 'सदर कारखान्याच्या स्फोटामुळे अर्जदाराची कोंबडी भयभीत होऊन तिचे अंडी देणे बंद झाले आहे.' वाचून दाखवलं तेव्हा सकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कोंबडीवर एवढं सोसायची वेळ आली होती हे तिला तोवर माहीतच नव्हतं. मग रीघ लागली. एकाची म्हैस, एकाची झोप, एका म्हाताऱ्याला नुसतीच 'आमची बी एक' हवी होती. मास्तरांनी प्रत्येकाची हरकत निराळी, मुद्देसूद आणि शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहिली. रांगेतल्या मंगळ्यानं 'गावाची शांतता भंगते' हे वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी माझ्या पोटातलं बोललात."

देवकी दारात उभी राहून हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अवो, तुमी सोडा करताय का सोडा बंद करताय?"

"अगं, आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं?" मास्तर म्हणाले. आणि खरंच, कसं पाठवायचं?

सरपंचांनी अर्ज आणि हरकतींचा गठ्ठा मुरबाडला पाठवला, आणि मुरबाडहून तो शहापूरला गेला. मुरबाडचा कागद शहापूरला का जातो असं विचारू नये. दोन्ही तालुक्यांचे परवाना साहेब शहापूरच्या बंगल्यावर मुक्कामाला असत, एवढं कारण पुरे. थोड्याच दिवसांत मास्तरांना बोलावणं आलं. ते किन्हवलीवरून एस.टी.नं शहापूरला गेले, बंगल्याच्या पायरीशी वहाणा काढल्या, आणि साहेबांसमोर असे उभे राहिले की साहेबांनीच विचारलं, "पाय दुखतात का तुमचे?"

साहेब मध्यम वयाचे, गोल, चष्म्याचे. त्यांनी अर्ज उचलला, हरकत उचलली, दुसरी उचलली, आणि सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे पसरले.

"अर्जाचं अक्षर हे. हरकतींचंही तेच. सुरेख आहे. कुणाचं?"

"माझं, साहेब."

"म्हणजे अर्ज तुम्ही लिहिला, आणि त्याला हरकतही तुम्हीच घेतलीत? तीही एवढ्या जणांच्या नावानं?"

"लोकांना लिहिता येत नाही साहेब. आणि सरकारनं विचारलं, म्हणून..."

साहेबांनी पसरलेले कागद पुन्हा गोळा केले. नोकरीत त्यांनी पुष्कळ बघितलं असेल, पण स्वतःविरुद्ध इतक्या कळकळीनं लिहिणारा माणूस बघितला नसावा. "मी येऊन बघतो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. अर्जदार बाईंना हजर ठेवा."

जाता जाता मास्तरांनी धीर करून विक्रीकराच्या नंबराचं विचारलं. साहेब म्हणाले, "एवढ्याशा धंद्याला विक्रीकर लागत नाही. नंबर मिळायचा नाही."

"साहेब, कर भरायला आम्ही तयार आहोत."

"घेणार नाही."

"थोडासा तरी?"

"मास्तर, एस.टी. चुकेल तुमची."

परतीच्या सबंध वाटेवर मास्तरांना अन्नावरून उठवल्यागत वाटत होतं. चांगोला सांगितलं तेव्हा त्यानं बक्कल चाचपलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सरकार पैसं घेत नाय म्हंजे मास्तर, ही काळजीची गोष्ट." त्यावर मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण रडायला वेळ नव्हता. जत्रा जवळ आली होती, आणि साहेब त्याआधी येणार होते. मास्तरांनी देवकीची तयारी पहिलीतल्या मुलासारखी करून घेतली. पाणी कुठलं? विहिरीचं. गाळता कशानं? दुहेरी फडक्यानं. बाटल्या कशानं धुता? सोड्याच्या पाण्यानं, खायचा नव्हे, धुण्याचा. देवकी भाकऱ्या थापता थापता घडाघडा म्हणू लागली. मालक कोण, तेवढं मास्तरांनी विचारलं नाही. ते विचारायचं काय! अर्जावरच लिहिलं होतं.

साहेब आले ते दुपारी, सरपंचांकडे जेवून. सरपंचांनी पाहुण्याला कोंबडी-वडे घातले होते. ती कोंबडी सकुबाईची होती. अंडी देईनाशी झाली म्हणून तिनं सरपंचांना विकली होती. म्हणजे हरकत क्रमांक एक या घडीला साहेबांच्या पोटात होती, आणि ती तिथंही स्वस्थ नव्हती हे साहेबांच्या चालण्यावरून दिसत होतं. ते पडवीत खुर्चीवर टेकले. अंगणात सगळा गाव गोळा झाला. सरकार पडवीत बसलंय आणि घाम पुसतंय, हे दृश्य काही रोजचं नव्हतं.

देवकीनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. साहेबांनी टोपणातून पेन काढलं.

"या कारखान्याचा मालक कोण?"

आता, आमच्याकडच्या बाईला हा प्रश्न विचारला तर तिनं काय सांगावं? मालक म्हणजे घरधनी. बाजारात, वाटेवर, दवाखान्यात, बाईला 'मालक कुठायत' विचारलं की ती नवऱ्याचा ठावठिकाणा सांगते. देवकी लाजली, आणि हनुवटीनं खांबाकडे दाखवून म्हणाली, "हे काय, तिथं उभे हायत."

खांबाशी मास्तर उभे होते. ते खांबाहून पांढरे पडले.

"हे? मास्तर मालक?"

"होय. लगीन झाल्यापासनं हेच."

"नाव सांगा त्यांचं."

नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? मागून सकुबाई ओरडली, "घे गो नाव! सरकार मागतंय!" बायकांनी एकच गलका केला. देवकीनं एकदा मास्तरांकडे बघितलं, पदर ओठाशी धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"बाटलीच्या गळ्यात गोटी, तिला हलायला नाय वाव,
सरकारच्या पुढ्यात घेते वाल्मिकरावांचं नाव."

अंगणात टाळ्या पडल्या. साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "अर्ज बाईंच्या नावानं, आणि मालक तुम्ही. बोर्डाला काय सांगू मी?"

मास्तरांना दिसलं: नोकरी गेली, शाळा गेली, पाटल्या तर गेल्याच होत्या. टाळ्या थांबल्या. चांगो पुटपुटला, "भजी." देवकीला काही कळेना, पण नवऱ्याचं तोंड बघून एवढं कळलं की आपण शिकवलेलं सोडून दुसरंच बोललो. ती पदर सावरून दोन पावलं पुढं आली.

"सायेब, माजं काय चुकलं? नीट इचारा. मी सांगते."

साहेबांनी श्वास घेतला. "बरं. यंत्र कुणाच्या पैशाचं?"

"माज्या आयशीनं दिलेल्या पाटल्यांचं."

"दांडा कोण फिरवतं?"

"मीच. ह्यांनी एकदा फिरवला, तर सकुबाईची कोंबडी गेली."

"नफा झाला तर कुणाचा?"

"पाटल्यांचा."

"मग मास्तर काय करतात?"

देवकीनं खरं तेच सांगितलं. "ते भितात."

साहेब हसले. पोट धरून हसले, आणि पोट धरल्यावर त्यांना हसणं सोसेना. देवकीनं ते बघितलं. जत्रेतलं आपलं पोट तिला आठवलं असावं. ती वळली, बाटली पिंजऱ्यात घातली, दांडा फिरवला, आणि बाटली साहेबांपुढं धरून अंगठ्यानं गोटी दाबली. टॉक! साहेबांनी सोडा एका दमात संपवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक असा ढेकर आला, लांब, भरदार, की अंगणातली माणसं एक पाऊल मागं सरली. सरकारलाही ढेकर येतो, हे जांभूळटेपाला त्या दिवशी कळलं. मास्तरांनी नकळत हात जोडले होते.

"आता सांगा," साहेब मोकळ्या आवाजात म्हणाले. "धंदा तुमचा, यंत्र तुमचं. म्हणजे मालक तुम्ही. एवढं तुमच्या तोंडून म्हणा, की मी शिक्का मारतो."

देवकीनं मान हलवली. "ते नाय जमायचं, सायेब."

"का?"

"मी मालक म्हटलं, तर ह्यांना काय म्हणू?"

या प्रश्नाचं उत्तर शहापूरच्या बंगल्यावरच्या कुठल्याच पुस्तकात नसणार. चांगोनं बक्कल चाचपलं. शिक्का खुर्चीच्या हातावर नुसताच पडून होता. आणि मग, ज्या माणसानं जन्मात सरकारपुढं आपणहून पाऊल टाकलं नव्हतं, तो खांब सोडून पुढं आला. त्यांनी लग्नापासून बायकोला 'अगं' आणि 'ऐकलंस का' याखेरीज हाक मारलेली नव्हती.

"साहेब, मालक ह्या," ते म्हणाले.

"ह्या म्हणजे कोण? नाव?"

"नाव घ्या मास्तर!" सकुबाई ओरडली. "तुमी बी घ्या!"

मास्तरांना उखाणा काही सुचेना. हरकती सुचल्या होत्या धडाधड, हे सुचेना. शेवटी ते शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात, सबंध गावासमोर म्हणाले, "देवकी. देवकी वाल्मिक शेलवले. मालक."

देवकीनं तोंडावर पदर घेतला. साहेबांनी शिक्का उचलला, तोंडाची वाफ दिली आणि मारला. हरकतींचा गठ्ठा त्यांनी मास्तरांना परत दिला. "अक्षर जपून ठेवा," ते म्हणाले. "आणि मास्तर, तुम्ही सोड्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. बोर्डाचा नियम."

म्हशाच्या जत्रेत त्या पौषात देवकीचं दुकान घोंगड्यांच्या ओळीच्या टोकाला लागलं. थंडीत सोडा कोण पितो म्हणून चांगो हसला होता, पण जत्रेत जेवलेला माणूस थंडी बघत नाही. दुपारनंतर झुंबड उडाली. मास्तर सुट्टी काढून आले होते आणि नियमाप्रमाणे हात पाठीशी बांधून चार हात लांब एका दगडावर बसले होते. तिथून ते बघत होते. काय ती दांडा फिरवण्याची लय, काय तो अंगठा! एवढीशी बाई, पण काय तिची ताकद! शिक्का बघून भरून यावा तसा त्यांचा ऊर भरून येत होता, आणि कुणाला सांगावं तर आजूबाजूला नुसते बैल होते.

तेवढ्यात डोळखांबकडचा एक म्हातारा घोंगडी खांद्यावर टाकून दगडापाशी आला. दुकानावरच्या बाईला त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि मास्तरांना विचारलं, "काय रे दादा, ह्या दुकानाचा मालक कुठाय?"

मास्तर उठून उभे राहिले. हात पाठीशी तसेच ठेवून त्यांनी दुकानाकडे तोंड केलं आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"मालक! अहो मालक! गिऱ्हाईक आलंय."

देवकीनं हातातली बाटली खाली ठेवली, सवयीनं डोक्यावर पदर ओढला, आणि मालक कुठून आले म्हणून मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.